तारायंत्राच्या कुळातला स्कॅनर

वडिलांच्या विवाहसमारंभाच्या निगेटिव्ह मेजावरील चपट्या पेटीत ठेवून त्यांची संगणकावर चित्रे करू पाहणारा गृहस्थ सहसा असेच समजून चालतो की, ही पेटी म्हणजे कॅमेऱ्याचे एखादे धाकटे भावंड असावे. परंतु कुळाचे दप्तर उघडून पाहिले असता ध्यानात येते की, या दोहोंचे गोत्र मुळातच भिन्न आहे. निगेटिव्ह प्रकाशचित्रणाच्या घराण्यातली, तर स्कॅनर तारायंत्राच्या. दोन्ही घराणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अवघ्या आठ वर्षांच्या अंतराने उदयास आली, आणि त्यांची सोयरीक जुळून ती सामान्य माणसाच्या घरी नांदू लागावयास मात्र दीडशे वर्षांचा काळ जावा लागला.

पहिल्या घराण्याचा मूळ पुरुष विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट. 1835 च्या ऑगस्टमध्ये विल्टशरमधील लेकॉक ॲबी या आपल्या वाड्याच्या जाळीदार खिडकीची जी प्रतिमा त्याने रौप्यक्षार लावलेल्या कागदाच्या इवल्याशा तुकड्यावर उमटविली, ती आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह होय. भिंगातून पाहता तीत खिडकीची सुमारे 200 तावदाने मोजता येत, अशी नोंद त्याने स्वहस्ते करून ठेवली आहे. फ्रान्समध्ये 1839 साली जाहीर झालेले दागेरचे चित्र याहून कितीतरी रेखीव होते. पण ते एकुलते एक असे, त्याची नक्कल निघत नसे. टॅल्बटची प्रतिमा धूसर खरी, तथापि एका अस्सलावरून हव्या तितक्या नकला काढण्याची सोय तिच्यात असल्यामुळे पुढील सारा कारभार तिच्याच वंशाकडे गेला. 1851 साली आर्चरने कागदाच्या जागी काच आणली, त्यानंतर तीनच वर्षांनी मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि 1889 पासून ईस्टमनच्या सेल्युलॉइडच्या पट्टीने काचेचे ओझेही उतरविले. हा इतिहास सर्वश्रुत आहे; त्यात अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

दुसऱ्या घराण्याची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही. 1843 साली अलेक्झांडर बेन नामक एका स्कॉटिश घड्याळजीने अशा यंत्राची सनद मिळविली की, ज्यात एक लंबक उंचसखल धातूच्या अक्षरांवरून रेघेरेघेने फिरे आणि तारेच्या दुसऱ्या टोकाशी त्याच तालावर हलणारा दुसरा लंबक त्याबरहुकूम रासायनिक कागदावर खुणा उमटवी. समग्र चित्र एकदम पाहावयाचे नाही, त्याच्या बारीक रेघा पाडावयाच्या आणि एकेक बिंदू क्रमाने वाचीत जावयाचे, हे जे स्कॅनरचे अवघे तत्त्व, ते येथे प्रथम प्रकट झाले. आणि ते एखाद्या चित्रकाराला न सुचता घड्याळजीला सुचावे यात नवल नाही, कारण अडचण चित्राची नसून दोन यंत्रांनी एकाच तालावर चालण्याची होती. फ्रेडरिक बेकवेलने 1848 मध्ये लंबकाऐवजी फिरता दंडगोल योजिला, आणि कासेल्ली या इटालियन धर्मगुरूच्या यंत्राद्वारे 1865 पासून पॅरिस व लिआँ यांच्या दरम्यान हस्ताक्षरे व रेखाचित्रे रीतसर जाऊ लागली. ही सर्व यंत्रे मात्र आंधळी होती, स्पर्शाने वाचणारी. त्यांना दृष्टी लाभली ती 1873 साली, आणि तीही तारायंत्राच्याच कृपेने, कारण समुद्रतळाच्या केबलची तपासणी करताना विलोबी स्मिथ याला असे आढळले की, प्रकाश पडताच सेलेनियमचा विद्युत्रोध घटतो.

या सूत्राचा पुरता उपयोग केला तो जर्मन शास्त्रज्ञ आर्थर कोर्न याने. पारदर्शक फिल्म त्याने काचेच्या दंडगोलाला गुंडाळली, दिव्याचा बारीक झोत तिच्या आरपार सोडला, आणि पलीकडे बसविलेल्या सेलेनियमने त्या झोताची कमीअधिक तीव्रता विजेच्या प्रवाहात उतरविली. 1907 साली या रीतीने बर्लिनहून पॅरिसला छायाचित्रे गेली. माझ्या मते फिल्म-स्कॅनरचा खरा जनक हाच. संगणक मात्र अद्याप जन्माला यावयाचा होता. पुढे नाझी राजवटीने ज्यू वंशाच्या या वृद्ध प्राध्यापकाची जागा काढून घेतली आणि त्याला अमेरिकेचा आश्रय करावा लागला.

संगणकाशी गाठ पडली ती 1957 साली. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श याने आपल्या तान्ह्या मुलाचा पाच सेंटिमीटर चौरस फोटो दंडगोलावर चढवून त्याचे 176 गुणिले 176 बिंदू केले. एका फेरीत काळे की पांढरे एवढाच निवाडा होई. करड्या छटांसाठी तेच चित्र निरनिराळ्या प्रमाणांनी पुनःपुन्हा वाचावे लागे. 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत, म्हणजे तारायंत्राच्या थेट वारसदार टेलिफोनच्या घरात, स्मृतिसाठवणीचे नवे साधन शोधता शोधता बॉइल आणि स्मिथ यांच्या हाती सीसीडी ही प्रकाश टिपणारी चिप आली. आणि 1976 साली रेमंड कर्झवेलने अंधांना छापील पुस्तक वाचून दाखविणाऱ्या यंत्रात तीच सीसीडी सपाट काचेखाली बसविली. घरोघरचा चपटा स्कॅनर याच यंत्राचा वंशज होय.

निगेटिव्ह मात्र या काचेवर सुखासुखी बसेना. कागदावरून प्रकाश परततो, फिल्ममधून तो पलीकडे जावा लागतो. म्हणून झाकणात दुसरा दिवा घालणे भाग पडले. शिवाय 35 मिलिमीटर फिल्मची चौकट अवघी 24 गुणिले 36 मिलिमीटरची, तेव्हा कागदाला पुरणारे 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 बिंदू, तेथे कामाचे नाहीत. 2400 ठेवावे तेव्हा कुठे सुमारे 77 लक्ष बिंदू हाती येतात. रंगीत निगेटिव्हची नारिंगी झाक ही आणखी एक जुनी भानगड. तिच्यातील रंगद्रव्ये शुद्ध नसतात, तो दोष झाकण्यासाठी कोडॅकने 1940 च्या दशकात ही झाक मुद्दाम घातली, पण ती छपाईच्या कागदाच्या हिशेबाने. म्हणूनच नुसती उलटी केलेली निगेटिव्ह निळसर दिसते. धूळ काढण्याची युक्ती मात्र खरोखर कौतुकास्पद. रंगद्रव्यांतून अवरक्त किरण आरपार जातात आणि धुळीला अडतात, तेव्हा एक फेरी त्या किरणांची मारली की ओरखडे आणि कण यांचा अचूक नकाशा मिळतो. कृष्णधवल निगेटिव्हवर मात्र ही युक्ती चालवू नये. तेथे चित्र चांदीचेच असल्याने तीही किरण अडविते, आणि यंत्र आजोबांच्या मिशांनाच केर समजून पुसू लागते. तेथे हातपंपाने फुंकर घालणे आणि मऊ ब्रश फिरविणे हाच राजमार्ग.

या उद्योगास मुदत आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मच्या जागी आलेली ॲसिटेट फिल्म उष्ण व दमट हवेत स्वतःच विघटित होते. 1948 मध्ये तिचा ट्रायॲसिटेट हा प्रकार बाजारात आल्यावर दहा वर्षे लोटण्यापूर्वीच तिच्या ऱ्हासाची पहिली तक्रार कोडॅककडे गेली, ती भारत सरकारकडूनच. विघटनात ॲसेटिक आम्ल सुटते, फिल्म आकसते, वाकते, आणि शेवटी वरचा चित्राचा थर सुरकुत्या पडून सुटतो. मग कोणताही स्कॅनर उपयोगी पडत नाही. ज्यांच्या कपाटात बटरपेपरमध्ये गुंडाळलेल्या निगेटिव्हची पाकिटे असतील, त्यांनी ती एकदा हुंगून पाहावीत. व्हिनेगरचा दर्प येणारे पाकीट इतरांपासून वेगळे ठेवून तेच आधी स्कॅन करावे. बाकीच्यांचे पावसाळा उलटल्यावर सवडीने केले तरी चालेल.