बंद मोबाइल, उघडे खाते

मोबाइल फुटला वा बंद पडला, तरी त्यात जोडलेले गुगल खाते आपोआप सुटत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंत अहमदनगर) अनेकांचा पत्रव्यवहार, छायाचित्रे, सातबाऱ्याच्या प्रतीही याच खात्यात असतात. त्यामुळे फोन भंगारात देण्यापूर्वी तो खात्यातून काढावा. आधीच दिला असला, तरी उपाय आहे. दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर खाते उघडून सुरक्षा विभागातील उपकरणांची यादी पाहावी, जुना फोन निवडून ‘साइन आउट’ करावे. अनोळखी उपकरण आढळल्यास पासवर्ड त्वरित बदलावा. मात्र, फोनमध्ये साठवलेली छायाचित्रे याने पुसली जात नाहीत. फोन हरवला असल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून तो निकामी करता येतो.