व्याकरण पाठ झाले, ऐकणारा मिळाला नाही

राहुरीला महात्मा फुल्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे, १९६८ सालापासून. तिथली पदवी इंग्रजीतून घ्यावी लागते. त्याच तालुक्यातल्या वांबोरी, बारागाव नांदूर, देवळाली प्रवरा इथल्या मराठी शाळांतून आमची मुले-मुली बारावीपर्यंत पोचतात, तेव्हा त्यांनी 'चेंज द व्हॉइस', 'रिमूव्ह टू', 'मेक इट एक्सक्लेमेटरी' असले प्रश्न ढिगाने सोडवलेले असतात. गुणही मिळालेले असतात. आणि तरीही समोरच्याने इंग्रजीत "काल का आला नाहीस?" एवढेच विचारले की मान खाली जाते. मग निष्कर्ष तयारच असतो: यांचे ग्रामर कच्चे, हे सवलतीवर आलेले.

आम्हाला हा निष्कर्ष मान्य नाही. जिने वहीभर वाक्यांचे अ‍ॅक्टिव्हचे पॅसिव्ह केले तिचे ग्रामर कच्चे कसे? ते ग्रामर वापरून ती आजवर कुणाशी बोलली, हा खरा प्रश्न आहे. आणि तो आम्हाला थेट जातीच्या इतिहासात घेऊन जातो.

या विषयावर बोलायला लागलो की एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बहुतेकदा आपल्याच जुन्या कार्यकर्त्यांकडून येतो. बाबासाहेबांनी कुठे संवाद-बिंवाद केले? त्यांनी पाठांतर करूनच इंग्रजी कमावले ना? खरे आहे. वडिलांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आपल्याकडून घोकून घेतली, हे बाबासाहेबांनीच सांगून ठेवले आहे. पण या आठवणीतला अर्धाच भाग आपण उचलतो. पुस्तक तर्खडकरांचे होते आणि समोर बसलेले होते सुभेदार रामजी. रामजीबाबा सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. महार पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण होते, म्हणून त्या घरात अक्षर दोन पिढ्या आधी शिरले होते. मुलाने वाक्य म्हटले की ते ऐकणारा, शब्द चुकला की थांबवणारा, नेमका शब्द कोणता म्हणून खोदून विचारणारा माणूस घरात होता. तर्खडकरांची पुस्तके त्या काळी हजारो घरांत होती. सगळ्या घरांत असा ऐकणारा नव्हता.

आता त्याच मुलाची शाळा पाहा. साताऱ्याच्या शाळेत तो वेगळ्या गोणपाटावर बसत होता आणि शिपाई आला तरच त्याला पाणी मिळत होते. ज्या वर्गात पोराला स्पर्श करायचा नाही, त्या वर्गात त्याच्याशी बोलणार कोण? अस्पृश्यता ही जशी पाण्याची आणि स्पर्शाची बंदी होती तशीच ती संभाषणाची बंदी होती. याबद्दल आपल्या चळवळीत फार कमी लिहिले गेले. एखाद्याला शाळेत घेऊनही भाषेबाहेर ठेवता येते, त्याच्याशी कुणी बोलले नाही की झाले.

नगर जिल्ह्याला या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आले. मिस सिंथिया फरार १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले असे सांगितले जाते. पुढे राहुरी हेही मिशनचे ठाणे झाले, आणि इकडच्या महार-मांगांच्या कितीतरी घरांत पहिले अक्षर मिशनच्या शाळेतून आले. हे ऋण मान्य करायला आम्हाला संकोच वाटत नाही. पण ते अक्षर मराठी होते. १८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन हिंदुस्थानात आले आणि त्यांनी मिशनचे शिक्षण देशी भाषांत असावे असे धोरण लावले. इंग्रजी शाळांना कात्री लागली. त्यांचा हिशेब सरळ होता: इंग्रजी शिकलेला मुलगा सरकारी नोकरीकडे जातो, खेड्यात धर्मोपदेशक म्हणून राहत नाही. म्हणजे आमच्या लोकांनी सरकारी कचेरीत जाऊ नये असे वाटणारे फक्त पुण्याचे भट नव्हते. कारणे निराळी होती, खेड्यातल्या पोराला परिणाम एकच दिसला.

जोतीरावांना मात्र इंग्रजी कशासाठी हवी हे पक्के ठाऊक होते. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने १८७३ च्या 'गुलामगिरी'ला प्रस्तावना इंग्रजीत जोडली आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढचे निवेदन इंग्रजीत दिले. आणि 'गुलामगिरी'चा मराठी भाग कसा आहे? धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. ज्याला माहीत नाही तो विचारतो, ज्याला माहीत आहे तो सांगतो, आणि उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. आजचे भाषाशिक्षक याला 'इन्फर्मेशन गॅप' म्हणतात आणि त्याच्या कार्यशाळा भरवतात.

त्यानंतरची पिढी अर्जांची. शिवराम जानबा कांबळे पुण्यात मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. त्यांनी १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला: आमच्यासाठी बंद केलेली पलटण आणि पोलीस खाते पुन्हा उघडा. हे वाक्य लिहिणाऱ्याला 'शॅल' आणि 'मे' यांतला फरक परीक्षेसाठी नको होता. विनंती किती नम्र आणि हक्क किती ठाम, हे त्या फरकावर ठरणार होते. आमचे म्हणणे एवढेच की आपल्या समाजात इंग्रजी व्याकरण असे आले. काहीतरी मागायचे होते आणि ऐकणारा दूर लंडनमध्ये होता.

१९३७ ची निवडणूक झाली. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधिमंडळाचे कामकाज इंग्रजीत ठरवले होते. ज्याला इंग्रजी पुरेशी येत नाही त्याला दुसऱ्या भाषेत बोलायची सवलत होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे जे आमदार निवडून आले त्यांत आपल्या नगर जिल्ह्याचे रोहमही होते. महारवतन आणि खोती यांवरची लढाई ज्या सभागृहात लढायची तिथली मूळ भाषा इंग्रजी आणि आपली भाषा सवलत, ही स्थिती बाबासाहेबांनी जवळून पाहिली. म्हणून १९४६ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा तिथे जे घडले त्याकडे आम्ही फार लक्षपूर्वक पाहतो. तिथे विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरत होती. सरकार पक्ष, विरोधी पक्ष, विधेयक, प्रश्नोत्तरे. बाबासाहेब स्वतः तिथे जाऊन बोलले आहेत. चाळीतून आलेल्या, नोकरी सांभाळून सकाळचे वर्ग करणाऱ्या पोराला तिथे 'मंत्रिमहोदय सांगतील काय' असे उभे राहून विचारावे लागायचे. त्याच्या प्रश्नार्थक वाक्याला उत्तर द्यायला समोर एक माणूस बांधील होता. अप्रत्यक्ष कथनाचे, ज्याला शाळेत 'इनडायरेक्ट स्पीच' म्हणतात, याहून चांगले वर्ग आम्हाला माहीत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर सरकारी पातळीवर भांडण झाले ते इंग्रजी कितवीपासून यावर. १९४८ नंतर मुंबई राज्याने ती आठवीवर नेली. पुढे ती पाचवीला आली, आणि २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झाली. पहिलीपासूनच्या निर्णयाचे आम्ही समर्थनच करतो. मराठीच्या नावाने त्याला विरोध करणाऱ्यांची मुले कुठे शिकत होती हे सर्वांना माहीत आहे. पण इयत्ता बदलली, तास तोच राहिला. नियम फळ्यावर, वाक्य वहीत, तपासणी लाल पेनाने.

तास बदलण्याचा एक मोठा प्रयत्न याच देशात झाला. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास आणि कडलूरच्या साध्या शाळांत, देशी भाषेतून शिकणाऱ्या मुलांबरोबर तो केला. पुढे तो 'बंगळूर प्रकल्प' म्हणून जगभर ओळखला गेला. व्याकरणाचा नियम सांगायचा नाही. रेल्वेचे वेळापत्रक द्यायचे, नकाशा द्यायचा, कोडे द्यायचे आणि ते इंग्रजीतून सोडवायला लावायचे. लक्ष अर्थावर असले की रचना मागोमाग येते, अशी त्यांची धारणा. प्रभूंनी कामांचे तीन प्रकार केले: माहितीचे अंतर, तर्काचे अंतर आणि मताचे अंतर. त्यांचा स्वतःचा कल तर्काकडे होता. मत मांडण्याची कामे मुलांना अवघड जातात, उत्तर कुठेही भरकटते, असे त्यांना वाटे. इथे आमचा मतभेद आहे. ज्या मुलाला पिढ्यान्‌पिढ्या मत विचारलेच गेले नाही, त्याच्या तासातून मतच वगळणे आम्हाला पटत नाही. नियम अजिबात सांगू नये हेही पटत नाही. ज्याच्या घरी इंग्रजी कानावर पडत नाही त्याला नियम ही काठी आहे. ती हातात द्यावी आणि मग चालायला रस्ताही द्यावा.

राहुरीच्या आसपास विहारांत आणि अभ्यासिकांत आम्ही जे करून पाहतो ते यातूनच आले. उदाहरणे देतो, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. आपली मुले 'मी काल गेलो होतो' यातल्या 'होतो'मुळे इंग्रजीत सरळ 'हॅड गॉन' लिहितात. ही चूक बुद्धीची नाही, ती मराठीची सावली आहे. नियम दहा वेळा सांगून ती जात नाही. मूळेच्या कालव्याचे आवर्तन कधी सुटले, पाणी शेवटच्या चारीला पोचेपर्यंत ऊस वाळला होता की नव्हता, हे दोघांनी एकमेकांना विचारून क्रम लावायचा. एकाच्या कागदावर पाणी सुटल्याची तारीख, दुसऱ्याच्या कागदावर पिकाची अवस्था. पाणी पोचण्याआधी पीक गेले होते हे सांगायला 'हॅड' लागतेच, आणि का लागते ते मग समजावून सांगावे लागत नाही. 'सिन्स' आणि 'फॉर' दोन्हींना आपण 'पासून' म्हणतो, म्हणून घोळ. त्यासाठी रस्ता कधीपासून मंजूर आहे आणि किती वर्षे रखडला आहे हे विचारायचे. प्रश्न तयार करताना 'डू' आणि 'डिड' विसरतात, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज घ्यायचा. अर्ज मराठीतच करता येतो आणि करावाही. पण त्यातले पाच प्रश्न इंग्रजीत मांडा, आणि शेजारच्याने माहिती अधिकारी होऊन ते टाळायचा प्रयत्न करायचा. प्रश्न ढिसाळ असेल तर उत्तर टाळता येते, हे पोरांना पटकन कळते. हसणेही खूप होते.

सगळ्यात रंगतो तो पॅसिव्हचा तास. अत्याचाराच्या बातम्या वाचा. वस्तीवर हल्ला 'करण्यात आला', तरुणाला मारहाण 'झाली'. कुणी केली? कर्ता वाक्यातून गायब. वर्तमानपत्रातली अशी वाक्ये आम्ही इंग्रजीत घेतो आणि 'बाय' लावून कर्ता शोधायला लावतो. पुढे संविधान उघडतो. कलम १५ मध्ये कर्ता ठळक उभा आहे, राज्यसंस्था, आणि तिने भेदभाव करायचा नाही. कलम १७ मध्ये अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे पालन मना केले आहे, दोन्ही क्रियापदे पॅसिव्ह, कर्ता नाही. का नाही? एक गट म्हणतो, कारण पाळणारा कोणीही असू शकतो, सरकारही आणि शेजारीही, म्हणून कुणाचेच नाव नको. दुसरा गट म्हणतो, नाव नसल्यामुळेच लोक सुटतात. बोलणे तोडक्यामोडक्या इंग्रजीत, मधूनमधून मराठीत. आम्ही मराठीला अडवत नाही. पण पॅसिव्ह कधी वापरायचा आणि कधी नाही हे त्या तासाभरात जितके पक्के होते तितके वहीतल्या पन्नास वाक्यांनी होत नाही.

काही मित्र विचारतात, याने बोर्डाचे गुण वाढतील का? बोर्डाचा प्रश्न जुनाच आहे, तो सोडवण्याचा सरावही करावाच लागतो, आम्ही शेवटचे दोन महिने तोच करतो. दुसरीकडे चंद्रभान प्रसादांसारखे विचारवंत आहेत. उत्तर प्रदेशातल्या बांका गावात २०१० मध्ये त्यांनी इंग्रजी देवीच्या मंदिराचा पाया घातला. इंग्रजी हे मुक्तीचे साधन आहे हे त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य. देवी मात्र नको. देवीपुढे माणूस हात जोडून गप्प उभा राहतो, आणि गप्प उभे राहणे आपल्याला फार झाले.

सध्या एक अडचण मात्र खरी आहे. ऊसतोडीच्या हंगामात वर्ग निम्मा रिकामा होतो. पोरे आई-बापांबरोबर फडावर जातात, आणि जोडीने करायच्या कामात जोडीदारच उरत नाही. म्हणून या दिवाळीनंतर कामाचे कागद दोन भागांत छापायचे ठरले आहे. एक भाग अभ्यासिकेत राहील, दुसरा फडावर गेलेल्या मुलाकडे, आणि प्रश्न-उत्तरे फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. ज्या गावांत आपले कार्यकर्ते फडांवर जाऊन मुलांना भेटतात त्यांनी हे कागद मागून घ्यावेत. सोबत चार्जिंगची सोय कुठे आहे तेवढे कळवावे.