बारा आकडे, चोवीस कॉर्ड

गिटारच्या क्लासला नव्याने आलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच आठवड्यात एक छापील तक्ता पडतो. सहा उभ्या रेघा, चार-पाच आडव्या, त्यांच्यामध्ये काळे ठिपके आणि वर सी, जी, डी अशी अक्षरं. ठिपक्यांवर बोटं ठेवायची, तारांवरून हात फिरवायचा, कॉर्ड वाजते. ती कशाची बनली आहे, हे मात्र बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. या तक्त्याचं कूळ शोधत मी मागे गेलो, तो कॅटलोनियातल्या एका डॉक्टरच्या दारात येऊन थांबलो. तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे: तक्त्याच्या मूळ पुरुषाने कॉर्डची रचनाही शिकवली होती, ती नंतरच्यांनी वाटेत सांडली.

हा डॉक्टर म्हणजे जोआन कार्लेस आमात. जन्म १५७२चा, गाव माँतसेरात डोंगराच्या पायथ्याचं मोनिस्त्रोल. पाच जोडतारांच्या स्पॅनिश गिटारवर त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचं साल १५९६ मानतात. तिच्या आवृत्त्या अठराव्या शतकातही निघत होत्या. पण मला थबकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. याच आमातने चारशे कॅटलान सुवचनांचं पुस्तक केलं आणि ते तिथल्या शाळांत मुलांना वाचायला शिकवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. म्हणजे कॉर्डचा तक्ता आणि मुलांचं वाचनाचं पुस्तक, दोन्ही एकाच हातचं! माझ्या मते हा योगायोग नाही. सुवचन आधी तोंडपाठ होतं, त्याचा अर्थ मागाहून उलगडतो. आमातची कॉर्डही आधी हाताला पाठ होते, मग कळते.

गिटारच्या बाकीच्या प्रवासाला एक ओळ पुरे: चार जोडतारा, मग पाच, अठराव्या शतकाच्या अखेरीस सहा सुट्या तारा. आमातकडे मात्र नीट बघायला हवं. त्याने बारा मेजर आणि बारा मायनर कॉर्ड एका गोल तक्त्यात मांडल्या आणि त्यांना नावं न देता १ ते १२ आकडे दिले. आपल्याकडे गवई ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ अशी आकड्यांनी पट्टी सांगतात, त्यामुळे मराठी माणसाला यात परकं काही वाटू नये. पण आमातच्या आकड्यांचा क्रम वेगळा आहे. १ म्हणजे आजची ई, २ म्हणजे ए, ३ डी, ४ जी, ५ सी, ६ एफ. प्रत्येक आकडा आधीच्याच्या मध्यमावर बसतो, आणि बाराच्या म्हणजे बीच्या पुढे पुन्हा ई येऊन वर्तुळ पुरं होतं. याचा फायदा बघा. सी पट्टीतल्या साध्या गाण्याला सी, एफ, जी या तीन कॉर्ड लागतात. आमातच्या तक्त्यात त्या ५, ६ आणि ४. सख्खे शेजारी! पट्टी बदलली तरी शेजार बदलत नाही. असं सुरांचं वर्तुळ शोधल्याचं श्रेय पुस्तकांत सहसा दिलेत्स्की आणि हायनिशेन या संगीततज्ज्ञांना मिळतं. ते दोघे पुष्कळ नंतरचे. माझं मत आमातला.

प्रतिस्पर्धी आहेत, आणि तगडे आहेत. १६०६ साली फ्लॉरेन्समध्ये जिरोलामो माँतेसार्दोने कॉर्डसाठी अक्षरं छापली आणि इटलीभर गाण्यांच्या शब्दांवर ती अक्षरं झळकू लागली. त्याच्या बाजूने मोठा पुरावा हा, की आमातच्या पुस्तिकेची सर्वांत जुनी शिल्लक प्रत १६२६ची आहे. तरीही मी आमातलाच मूळ पुरुष मानतो, कारण माँतेसार्दोचं ‘ए’ म्हणजे जी मेजर, ‘बी’ म्हणजे सी मेजर आणि ‘सी’ म्हणजे डी मेजर. ही नुसती लेबलं झाली. एका अक्षरावरून पुढचं अक्षर उमगत नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी फ्रेंच संगीतकार रामो. कॉर्ड निसर्गातच आहे, एका तारेच्या कंपनातून ती आपोआप उमटते, असं त्याचं म्हणणं. तानपुऱ्याच्या खरजात स्वयंभू गंधार ऐकलेल्या कानाला हे पटकन पटतं. पण दोन अडचणी आहेत. आज गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून ठोकलेले असतात, त्यामुळे त्यांवरचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा जरा चढा लागतो. आणि कोमल गंधाराची मायनर कॉर्ड? तिच्यासाठी रामोला बरीच ओढाताण करावी लागली. आमातकडे दोन्ही जाती सुरुवातीपासून शेजारी बसल्या आहेत. शिवाय १७२२मध्ये रामोने सिद्धांत मांडला, की कोणताही सूर तळाला असला तरी कॉर्ड तीच. आमातची पहिली कॉर्ड त्या काळच्या गिटारवर धरा: प सा ग प सा. पंचम तळाला, नाव तरी ईचंच! सव्वाशे वर्षं आधी गिटारवाल्यांच्या हातांना जे ठाऊक होतं, त्याला रामोने शास्त्राचं रूप दिलं.

म्हणून मुलांना मी आमातच्याच क्रमाने शिकवा म्हणेन. आधी ई मेजर हाताला बसू द्या. मग एकेक तार वरून खाली सुटी वाजवायला सांगा: सा प सा ग प सा. सहा तारांत गंधार एकाच तारेवर आहे, तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर, तर्जनीखाली. ती तर्जनी उचलली की गंधार कोमल होतो आणि मेजरची मायनर होते. त्यानंतर एकाच तारेवर मोजणी: मोकळी तार सा, चौथ्या पडद्यावर ग, सातव्यावर प, कोमल गंधार हवा तर चौथ्याऐवजी तिसरा. आधी चार आणि मग तीन पडद्यांचं अंतर म्हणजे मेजर, आधी तीन आणि मग चार म्हणजे मायनर. शेवटी आमातचे शेजारी. एवढं जमलेल्या मुलाला तक्ता मागावा लागत नाही; हवी ती कॉर्ड ते स्वतः मोजून बांधतं.