क्लॅरोनेटचा पहिला सूर

१७०० च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे वाद्यकार डेनर यांच्या कारखान्यात घडलेले क्लॅरोनेट महाराष्ट्रात पोचले ते पलटणींबरोबर. १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला इंग्रजांनी घेतला, तिथे पुढे छावणी वसली आणि लष्करी बँडचे संगीत या भागाच्या कानावर पडू लागले. १८७८ च्या दौंड-मनमाड लोहमार्गाने श्रीगोंदा तालुक्यातले काष्टी रेल्वेच्या वाटेवर आले. जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेल्या अशा गावांत वरात आणि जत्रा ही वाजवणाऱ्यांची हक्काची ठिकाणे. बँड तिथे पोचला तेव्हा मानाची जागा सनईची होती. पुढे मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरोनेटवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी ऐकल्या गेल्या आणि हे वाद्य सनईइतकेच ओळखीचे झाले.

सनई वाजवणाऱ्या माणसालाही क्लॅरोनेटचा पहिला सूर सहज मिळत नाही. सनईची पत्ती दुहेरी असते आणि ओठांमध्ये धरली जाते. अखंड दम टिकवायला गालात हवा साठवतात. क्लॅरोनेटची एकेरी पत्ती मुखपट्टीला, म्हणजे तोंडात धरायच्या भागाला, पट्ट्याने आवळलेली असते. खालचा ओठ दातांवर किंचित दुमडून तिच्याखाली येतो, वरचे दात मुखपट्टीवर टेकतात, ओठांचे कोपरे घट्ट आणि गाल सपाट राहतात. नवशिक्याचा गाल फुगला की ओठाची पकड सुटते आणि सूर फाटतो.

पत्ती बसवण्यातच अर्धे काम असते. कोरडी पत्ती नीट कंप पावत नाही, म्हणून ती आधी तोंडात ओली करतात. तिचे टोक मुखपट्टीच्या टोकाशी जुळावे लागते. ते जरा वाकडे बसले तरी वाद्य चिरकते. जाड पत्तीतून नवशिक्याला नुसती हवा ऐकू येते, म्हणून सुरुवात मऊ पत्तीने करावी. मुखपट्टी फार थोडी तोंडात घेतली तर आवाज बारीक आणि घुसमटलेला येतो, फार घेतली तर किंचाळतो. योग्य जागा काही मिलिमीटरांत सापडते, आणि ती प्रत्येकाच्या जबड्यानुसार वेगळी असते. म्हणून आधी फक्त मुखपट्टी आणि तिच्यालगतचा छोटा नळा जोडून लांब, स्थिर सूर काढायला लावणे हाच शहाणपणाचा क्रम. मग अख्खे वाद्य जोडून डाव्या हाताचे सूर आणि शेवटी खालचे सूर घ्यावेत, कारण तिथे सगळी भोके झाकावी लागतात आणि एक बोट जरा उचलले तरी सूर मोडतो.

खरा फरक वरच्या सप्तकात कळतो. सनईची नळी पुढे रुंदावत जाते, त्यामुळे दम वाढवला की तीच बोटे वरचा सा देतात. क्लॅरोनेटची नळी बहुतांशी एकसारख्या रुंदीची असते. डाव्या अंगठ्याची चावी दाबली की खालच्या सा च्या बोटांवर वरच्या सप्तकातला पंचम येतो. बोटांचा हिशेब नव्याने बसवावा लागतो आणि गतीही नव्याने बांधाव्या लागतात. मींडही बोट भोकावरून हळू सरकवत, ओठाचा दाब बदलत काढावी लागते.