मराठी निसर्गवर्णन : संकेताकडून मूर्त शब्दाकडे

मराठी साहित्यात निसर्गवर्णनाची परंपरा प्राचीन आहे. तथापि निसर्गाचे वर्णन असणे आणि वाचकाला निसर्ग दिसणे या दोन गोष्टी भिन्न होत. ‘वृक्ष’ या शब्दाने वाचकाच्या डोळ्यांपुढे फारसे काही उभे राहत नाही; पळस, कुसुंब किंवा उंबर म्हटले की मात्र एक विशिष्ट खोड, विशिष्ट रंग आणि ऋतूतील एक विशिष्ट वेळ उभी राहते. मूर्त शब्द आणि इंद्रियगोचर तपशील यांच्या बळावर मराठी निसर्गवर्णन सांकेतिकतेतून कसे बाहेर पडत गेले, याचा प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

आरंभी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त गोदावरीचा काठ, विंध्याचा परिसर, शेतशिवार आणि गावाबाहेरची झाडी ही माणसांच्या व्यवहाराची ठिकाणे म्हणून येतात. तेथे निसर्ग शोभेसाठी नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पवित्र झालेली स्थाने पुढील पिढ्यांना ओळखता यावीत, एवढाच या ग्रंथाचा हेतू होता. त्यामुळे देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, नदी कोठे, अशा खुणा त्यात बारकाईने नोंदल्या गेल्या. सौंदर्यनिर्मितीची कसलीही प्रतिज्ञा नसलेले हे गद्य आज वाचताना जागा डोळ्यांपुढे उभ्या करते, हे साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

पुढे आख्यानकाव्यांतून वनवर्णनाचा संकेत रूढ झाला. नायक वनात शिरला की वृक्षांची नामावळी सुरू होई. येथे नावांची वाण नव्हती, उलट सुकाळ होता. परंतु त्या नावांना स्थळकाळाचे बंधन नव्हते. एकाच वनात हिमालयातील देवदार आणि सागरकाठची नारळ-पोफळ सुखेनैव नांदत आणि सारे वृक्ष एकाच वेळी फुलत. यावरून असे दिसते की, केवळ विशेषनामांनी वर्णन मूर्त होत नाही. ते झाड त्या मातीत उगवते काय, त्या महिन्यात फुलते काय, याची जबाबदारी लेखकाने घेतली तरच नावाला अर्थ येतो. एकोणिसाव्या शतकातील अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील उपवनेही बहुतांशी याच नामावळीची वारस होती. नवशिक्षितांच्या गद्याने संस्कृतप्रचुरतेला प्रतिष्ठेची खूण मानले आणि ‘वनश्री’, ‘सृष्टिसौंदर्य’, ‘मंद सुगंधित वायुलहरी’ हे शब्द नाण्यांसारखे हातोहात फिरून गुळगुळीत झाले.

बोलीभाषेत मात्र या काळातही साधनांची उणीव नव्हती. मोल्सवर्थने १८३१ मध्ये सिद्ध केलेल्या आणि १८५७ मध्ये वाढवून पुन्हा प्रसिद्ध झालेल्या मराठी-इंग्रजी कोशाची पाने चाळली, तरी ही शब्दसंपत्ती ध्यानात येते. पाऊस ही एकच गोष्ट घेतली तर मराठी शेतकऱ्याच्या तोंडी वळीव, सर, झड, भुरभुर, पिरपिर, मुसळधार असे कितीतरी शब्द आहेत आणि त्यांतील एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. नक्षत्रांनुसार पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’ ठरतो. या दोन विशेषणांत पावसाचा जोर, त्याची चाल आणि पाहणाऱ्याचे नाते एकवटले आहे. वासाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. कुबट, करपट, खवट, ओशट, उग्र, खमंग हे शब्द नाकाला नेमकी वर्दी देतात. ‘सुगंध’ व ‘दुर्गंध’ या जोडीला ते साधत नाही. रंगांच्या छटा तांबूस, पिवळसर, हिरवट, काळपट अशा केवळ प्रत्ययाने बदलतात. आवाजासाठी सळसळ, खळखळ, झुळझुळ, सूं सूं असे अनुकरणवाचक शब्द आहेत. पिंपळ सळसळतो, ओढा खळखळतो. अदलाबदल केली तर मराठी कान ती तत्काळ नाकारतो.

या संदर्भात पावशा पक्ष्याचा उल्लेख उद्बोधक ठरेल. पावसाच्या तोंडावर वरच्या पट्टीत चढत जाणारी त्याची साद शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ अशी ऐकू येते. हीच साद हिंदुस्थानातील इंग्रजांना ‘ब्रेन फीव्हर’ अशी ऐकू आली आणि त्यांनी पक्ष्याला तेच नाव दिले. पक्षी एक, स्वर एक. परंतु एका कानाला त्यात पेरणीची घाई जाणवली, तर दुसऱ्याला परक्या उन्हाळ्यातील ज्वराची कणकण. म्हणजे इंद्रियसंवेदनाही निव्वळ शारीरिक नसते, तिच्यामागे एक जीवनपद्धती उभी असते. ‘पक्ष्यांचा कर्णमधुर कलरव’ असे लिहिणारा लेखक तो पक्षी आणि ती जीवनपद्धती दोहोंनाही मुकतो.

आधुनिक कवितेत हा बदल बालकवींच्या रूपाने ठळक झाला. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. तिच्याशी ज्यांचे नाव निगडित आहे ते संमेलनाध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे स्वतः कवी तर होतेच, शिवाय नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञही होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा व बा. दा. बसू यांचा ग्रंथ पुढे १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीतील श्रेष्ठ निसर्गकवीला वनस्पतींचा जाणकार गौरवतो, हा योगायोगच; पण तो सुखद आहे. बालकवींच्या काव्यात स्वप्नाळू, अमूर्त शब्दांचा भरणा नाही असे म्हणता येणार नाही. मात्र त्यांची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता पाहावी. गाव, शेतमळे, पायवाट, पाणी आणि पाण्याकाठचे झाड, एवढ्याच सामग्रीवर ती उभी आहे. तिच्यातील औदासीन्याविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले. पण ते औदासीन्य कवीने शब्दाने सांगितलेले नसून वस्तूंच्या मांडणीतून आणि रंगांतून उमटले आहे.

गद्यात हे काम दुर्गा भागवत यांनी केले. त्यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्याचा मागोवा घेते. महिना हे परिमाण स्वीकारताच वर्णनावर आपोआप शिस्त येते, कारण वैशाखात जे दिसते ते श्रावणात दाखवता येत नाही. आख्यानकाव्यांतील ते सदाफुले वन येथे संपुष्टात येते. ‘वसंतहृदय चैत्र’ हा लेख शालेय पाठ्यपुस्तकातही समाविष्ट झाल्याने अनेकांच्या परिचयाचा आहे. पिंपळाची नवी पालवी तांबूस, तुकतुकीत असते, हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. पण ‘वसंत म्हणजे हिरवळ’ हा संकेत मनात इतका मुरलेला असतो की पाहिलेले नोंदले जात नाही. दुर्गाबाईंनी ते नोंदले. माड, फणस यांसारखी काव्यात सहसा मान न मिळालेली झाडेही त्यांनी वसंताच्या वैभवात बसवली. त्या लोकसाहित्याच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. वस्तूचे लोकांतील नाव आधी विचारायचे, ही अभ्यासकाची सवय त्यांच्या ललित गद्याला उपकारक ठरली असे मानण्यास जागा आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची वाट वेगळी. ‘बनगरवाडी’ (१९५५) मधील माणदेशाचा माळ रमणीय नाही. मेंढरे, घोंगडी, धूळ आणि न येणारा पाऊस हेच त्याचे तपशील. दुष्काळाचे भीषण वर्णन करण्याऐवजी माडगूळकर दुष्काळात काय काय दिसेनासे होते ते दाखवतात, आणि विशेषणांशिवायच परिणाम साधला जातो. ते चित्रकारही होते; रेषा कोठे थांबवावी हे त्यांना ठाऊक होते. ‘सत्तांतर’ (१९८२) मध्ये त्यांनी वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष रंगवला. नवा नर टोळीचा ताबा घेतो आणि पिलांना मारतो, ही घटना धारवाड परिसरात १९६० च्या दशकात सुगियामा या जपानी संशोधकाने नोंदवली होती. अशा विषयात लेखक गहिवरला असता तर कादंबरी रूपककथा होऊन बसली असती. येथे झाड, फांदी, दात, किंकाळी यांपलीकडे भाषा फारशी जात नाही. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कृतीला लाभला.

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्याकडे येताना प्रश्नाचे स्वरूपच पालटते. वनाधिकारी म्हणून त्यांचे दीर्घ आयुष्य विदर्भाच्या जंगलांत गेले. नवेगावबांधच्या जलाशयावर, नागझिऱ्यात, मेळघाटात त्यांना पक्ष्यांची, झाडांची, माशांची नावे पुस्तकांतून कमी आणि वनवासी व मासेमारांच्या तोंडून अधिक मिळाली. जेथे मराठीत शब्द नव्हता तेथे त्यांनी तो घडवला. कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीसाठी ‘सारंगागार’ हे शब्द त्यांच्या नावावर आहेत. हे शब्द संस्कृत वळणाचे आहेत, हे खरे. परंतु संस्कृत शब्दाने वर्णन अमूर्तच होते हा ग्रह येथे टिकत नाही: ‘वनश्री’ कोणत्याही जंगलाला लागू पडते, ‘सारंगागार’ एका विशिष्ट झाडावरील विशिष्ट गलबल्याला. प्रश्न शब्दाच्या कुळाचा नसून तो कशाकडे बोट दाखवतो याचा आहे.

चितमपल्लींनी पुढे ‘पक्षिकोश’ही सिद्ध केला. एका लेखकाला ललित लेखनाबरोबर कोशाचे काम हाती घ्यावे लागले, ही बाब अभिमानाची आहे तशीच काळजीचीही. नावे चालत्या बोलीतून ओसरू लागली की त्यांना कोशाचा आसरा शोधावा लागतो. भारद्वाजाला गावोगाव कुंभारकावळा, सोनकावळा अशी नावे आहेत. महाविद्यालयाच्या वर्गात बसलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याला त्यांतील एखादे घरून ठाऊक असते. बांधावरून चालणारा तो तांबूस पंखांचा पक्षी आणि त्याचा ‘कूप कूप’ असा घुमणारा आवाजही त्याच्या परिचयाचा असतो. परीक्षेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिताना मात्र तो धरणीला हिरवा शालू नेसवतो आणि पक्ष्यांना कलरव करायला लावतो. कुंभारकावळा उत्तरपत्रिकेत येत नाही, कारण तो शब्द अशुद्ध ठरेल, गुण जातील, अशी त्याची समजूत असते. आणि ती समजूत त्याला वर्गातच मिळालेली असते.