आलमगीरची राहुटी आणि तख्त-ए-रवां

उतारवयात लांबच्या प्रवासाला निघायचं तर रात्री तंबूत झोपावं की चालत्या घरात, म्हणजे कॅराव्हॅनमध्ये? प्रश्न आजचा वाटतो, पण गंगाखेडहून पंढरीला निघणाऱ्या दिंडीतल्या वृद्धांना तो नवा नाही. गुडघे थकले की राहुटीतल्या सतरंजीपेक्षा सामानाच्या ट्रकमधला कोपरा बरा वाटतो. कॅराव्हॅन हा शब्दही फारसी ‘कारवां’चाच इंग्रजी अवतार. दख्खनच्या इतिहासात या प्रश्नाशी सर्वाधिक काळ झुंजलेला म्हातारा म्हणजे औरंगजेब आलमगीर.

१६८१ मध्ये तो दक्षिणेकडे निघाला तेव्हा त्रेसष्टीला टेकला होता. नंतर उत्तरेकडे परतणं झालं नाही. पुढची पंचवीस वर्षं बहुतांशी छावणीत गेली. मोगली छावणी म्हणजे चालतं शहरच. पादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम असताना दुसरा ‘पेशखाना’ म्हणून पुढच्या टप्प्यावर उभा होई. ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या काळचा हिशेब दिलाय. एका मुक्कामाचं सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत.

चालत्या घराचीही सोय होती. फ्रेंच वैद्य बर्निये याने औरंगजेबाच्या काश्मीर प्रवासात तख्त-ए-रवां पाहिलं. रंगवलेले, सोनेरी मुलामा दिलेले खांब, काचेच्या खिडक्या आणि ते खांद्यावर वाहणारी आठ माणसं. ऊन, वारा, पाऊस आत येत नसे.

ऑक्टोबर १७०० मध्ये माण नदीकाठी खवासपूरला छावणी असताना रात्री अचानक पूर आला. गोंधळ ऐकून मराठ्यांनी हल्ला केला, असं वाटून पादशहा घाईने बाहेर धावला आणि पडला. गुडघा निखळला, तो कायमचा अधू झाला. वय ८१. तैमूर लंगाचा वारसा मिळाला, असं म्हणून दरबाऱ्यांनी त्याची समजूत घातली.

एवढं होऊनही मोहिमा थांबल्या नाहीत. चालता येईना, पण वाहून नेणारे खांदे होते. १७०२ च्या पावसाळ्यात विशाळगडाहून पन्हाळ्याकडे जाताना सुमारे ३० मैलांना ३८ दिवस लागले. ओढे-नाल्यांत जनावरं मेली, सामान वाहून गेलं, साध्या शिपायांना डोक्यावर आडोसा मिळेना. पादशहाच्या म्हातारपणाची सोय इतरांच्या तरुण हाडांनी भरून दिली.

औरंगजेबाला संत किंवा सैतान ठरवणाऱ्या भांडणात हा मुद्दा हरवतो. त्याच्याकडे त्या काळातला सर्वोत्तम तंबू होता आणि सर्वोत्तम वाहनही. नव्हती ती थांबण्याची तयारी. वाहन जितकं सोयीचं, तितकं शरीराचं ‘आता पुरे’ ऐकू येईनासं होतं. १७०५ मध्ये गंभीर आजाराने त्याला अडवलं. पालखीतून हळूहळू तो १७०६ च्या जानेवारीत अहमदनगरला पोचला आणि मार्च १७०७ मध्ये तिथेच वारला.

खुल्दाबादला हजरत जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात त्याची कबर आहे. त्याच्याच इच्छेनुसार साधी, मातीची, वर छत नसलेली. आज दिसणारी संगमरवरी जाळी विसाव्या शतकातली. उतारवयात प्रवास जरूर करावा, तंबूत करावा की गाडीत, हे गुडघ्यांना विचारून ठरवावं. मात्र आपलं ओझं कोणाच्या खांद्यावर पडतंय, हेही तेव्हाच विचारावं.