दागिना काढून ठेवण्याचं बंड

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. गेल्या शनिवारी आईबरोबर तिथल्या सराफ्यात तीन तास (!) काढले. बसल्याबसल्या डोक्यात आलं, दागिना घालणं ही हौस, पण न घालणं हे बंड असू शकतं का?

असू शकतं की. महाड, डिसेंबर १९२७. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यानंतरची बायकांची सभा? तिथे बाबासाहेब थेट अंगावरच्या वस्तूंवर बोलले. गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत कथलाच्या नाहीतर चांदीच्या गोटपाटल्या, वर खोचलेलं लुगडं.. यावरून बाईची जात लांबूनच कळायची. आपल्या ऑफिसच्या आयडी कार्डासारखं, फक्त गळ्यातून काढायची सोय नाही! ते टाका, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, असं त्यांनी सांगितलं. आणि महाड सोडायच्या आत अनेकींनी नेसण बदललीसुद्धा.

ही सवर्णांची नक्कल, असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. खूणच दिसेना, तर पाणवठ्यावर अडवणार कुणाला?

मराठवाडा तेव्हा निजामाकडे. आपल्याकडची मोठी लढाई पुढे नामांतराची. १९७८ च्या ठरावानंतर नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं.

आता १४ एप्रिलला नांदेडात बघा, निळे फेटे, गळ्यात बाबासाहेबांचं लॉकेट. जात आजही लांबून कळते म्हणा.. पण ही खूण ज्याची त्याने निवडलेली.